‘मेमरी अपुरी’ म्हणजे नेमके काय अपुरे?

‘मेमरी अपुरी आहे’ अशी सूचना पडद्यावर आली की नवा प्रोग्रॅम इन्स्टॉल करण्याचे काम तेथेच थांबते, आणि मेमरी म्हणजे रॅम अशीच समजूत रूढ असल्यामुळे पुढचे पाऊल बहुधा थेट दुकानाकडे वळते. नागपुरात इतवारी-गांधीबागेतील पेढीवर हिशेबाचा प्रोग्रॅम टाकताना, करसल्लागाराच्या कार्यालयात टीडीएसचे विवरणपत्र तयार करताना किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ऑटोकॅड बसवताना हा गोंधळ पुन्हा पुन्हा होतो, आणि सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली नवी रॅम बसवल्यानंतरही पुष्कळदा तीच सूचना कायम राहते. याचे कारण असे की ही सूचना हे केवळ लक्षण असते. तिच्यामागे प्रामुख्याने चार वेगवेगळ्या उणिवा असू शकतात आणि त्यांतील एकच रॅम विकत घेऊन भरून निघते. म्हणून खर्च करण्यापूर्वी आपण नेमकी उणीव कोणती हे शोधावे. त्यासाठी लागणारे सर्व साधन विंडोजमध्येच असते आणि त्याला पैसा लागत नाही.

एका शब्दाचे चार अर्थ

पेढीवर व्यवहार चालतो तो गादीसमोरच्या मोकळ्या जागेत आणि माल राहतो तो मागच्या गोदामात. गादीसमोर जागा नसेल तर गोदाम वाढवून भागत नाही, आणि गोदाम भरले असेल तर गादीसमोरची जागा रुंद करून उपयोग होत नाही. संगणकातही हाच भेद आहे.

- रॅम : चालू कामाची जागा. संगणक बंद होताच ती रिकामी होते. आजच्या संगणकांत ती साधारणतः ४, ८ किंवा १६ जीबी असते.
- साठवण : हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरील कायमची जागा. प्रोग्रॅम, फायली आणि खुद्द विंडोज येथे राहतात. सी ड्राइव्ह हा तिचाच एक भाग.
- आभासी मेमरी : रॅम कमी पडू लागली की विंडोज डिस्कवरील एका राखीव फाइलचा वापर रॅमची पुरवणी म्हणून करते. या फाइलला पेजिंग फाइल म्हणतात. प्रोग्रॅमांना मिळून किती मेमरी देता येईल याची मर्यादा रॅम आणि पेजिंग फाइल यांच्या बेरजेने ठरते.
- पत्त्यांची मर्यादा : मेमरीतील प्रत्येक बाइटला एक क्रमांक, म्हणजे पत्ता असतो. ३२-बिट पद्धतीत असे ४,२९,४९,६७,२९६ पत्ते, म्हणजे ४ जीबीच, मोजता येतात. त्यापलीकडची रॅम बसवलेली असली तरी ३२-बिट विंडोजच्या घरगुती व कार्यालयीन आवृत्त्यांना ती वापरता येत नाही.

पहिली पायरी : सूचना जशीच्या तशी टिपून घ्यावी

सूचनेची खिडकी घाईने बंद न करता आपण तिचे छायाचित्र घ्यावे आणि तिच्यातील संकेतांक लिहून ठेवावा, कारण निदानाची अर्धी वाट त्या संकेतांकातच असते. विंडोजच्या पुष्कळशा संकेतांकांची सुरुवात ‘०एक्स८००७’ अशी होते आणि पुढचे चार अंक मूळ कारण सांगतात. हे अंक षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पटीत मोजलेले असतात. त्यामुळे ‘००७०’ म्हणजे सत्तर नव्हे, तर सात गुणिले सोळा, म्हणजे ११२.

- ०एक्स८००७००७० (क्रमांक ११२) : डिस्कवर जागा नाही. रॅमशी संबंध नाही.
- ०एक्स८००७०००ई (क्रमांक १४) : मागितलेली मेमरी विंडोजला देता आली नाही.
- ०एक्स८००७०५एएफ (क्रमांक १४५५) : पेजिंग फाइल लहान पडली.
- क्रमांक ८ : विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत या क्रमांकाच्या सूचनेत ‘स्टोरेज’ हा शब्द असे; मात्र तेथे तो डिस्कसाठी नसून मेमरीसाठी वापरलेला होता. हा मजकूर वाचून डिस्कवरील फायली पुसत बसणे निष्फळ ठरते.

केवळ शब्दांवर न जाता संकेतांक पाहावा तो याच कारणासाठी.

दुसरी पायरी : चार आकडे पाहावेत

१. रॅम किती आणि त्यांतली वापरण्याजोगी किती : ‘सेटिंग्ज – सिस्टिम – अबाउट’ येथे दोन्ही आकडे दिसतात. ‘४ जीबी, पैकी ३.४ जीबी वापरण्याजोगी’ अशा नोंदीत दोष नसतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात चित्र उमटवण्यासाठी रॅमचाच काही भाग राखून ठेवला जातो. परंतु काही प्रोग्रॅम बसवण्यापूर्वी वापरण्याजोगी रॅम तपासतात, आणि ‘किमान ४ जीबी’ अशी अट असलेला प्रोग्रॅम अशा संगणकावर नाकारला जाऊ शकतो.

२. विंडोज ३२-बिट की ६४-बिट : ही माहिती त्याच ठिकाणी ‘सिस्टिम टाइप’ या ओळीत असते. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट विंडोज बसवलेले असेल तर त्या ओळीत दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या दिसतात.

३. सी ड्राइव्हवर मोकळी जागा किती : ‘धिस पीसी’ उघडल्यावर ती दिसते. ५१२ जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी आणि १ टीबीचा ड्राइव्ह ९३१ जीबी दिसतो, कारण उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १,०२४च्या पटीत. एवढ्या फरकावरून फसवणूक झाली असे समजू नये.

४. त्या क्षणी रॅम किती व्यापलेली आहे : कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘परफॉर्मन्स – मेमरी’ या पानावर वापरलेली रॅम, एकूण मर्यादा आणि रॅमचे किती खाचे भरलेले आहेत हे दिसते.

तिसरी पायरी : कारणानुसार उपाय

सी ड्राइव्ह भरलेला असल्यास

प्रोग्रॅम डी ड्राइव्हवर बसवण्याचा पर्याय निवडला तरी इन्स्टॉलर आपल्या संकुचित फायली आधी सी ड्राइव्हवरील तात्पुरत्या फायलींच्या कप्प्यात उलगडतो. त्यामुळे डी ड्राइव्ह रिकामा असतानाही जागा अपुरी असल्याची सूचना येते. प्रोग्रॅमच्या घोषित आकाराच्या निदान दुप्पट जागा सी ड्राइव्हवर मोकळी असावी, असे धरून चालणे हिताचे आहे.

जागा मोकळी करण्यासाठी आपण ‘सेटिंग्ज – सिस्टिम – स्टोरेज – टेम्पररी फाइल्स’ या मार्गाने जावे. तेथील यादीत ‘डाउनलोड्स’ हा कप्पाही असतो. त्यासमोर खूण केल्यास उतरवून घेतलेल्या पावत्या, विवरणपत्रे आणि प्रमाणपत्रेही पुसली जातात, म्हणून ती खूण करू नये. विंडोजच्या कप्प्यातील ‘इन्स्टॉलर’ आणि ‘विनएसएक्सएस’ हे उपकप्पे मोठे दिसले तरी हाताने पुसू नयेत. पहिला पुसला तर आधी बसवलेले प्रोग्रॅम दुरुस्त करणे किंवा काढणे अशक्य होते, आणि दुसरा विंडोजच्या घडणीचाच भाग आहे.

पेजिंग फाइल बंद किंवा लहान असल्यास

संगणक वेगवान होईल या समजुतीने काही ठिकाणी पेजिंग फाइल बंद केलेली असते, तर काही ठिकाणी सी ड्राइव्ह भरल्यामुळे ती वाढू शकत नाही. म्हणजेच डिस्कवरील जागेची उणीव मेमरीच्या उणिवेचे रूप घेऊन समोर येते, आणि ८ जीबी रॅम असूनही इन्स्टॉलर थांबतो. उपाय असा की ‘अ‍ॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ उघडून ‘परफॉर्मन्स’खालील सेटिंग्जमध्ये ‘व्हर्च्युअल मेमरी’ शोधावी आणि तिचे व्यवस्थापन विंडोजकडे सोपवणाऱ्या चौकटीत खूण करून संगणक पुन्हा सुरू करावा.

बसवलेली रॅम पूर्ण दिसत नसल्यास

‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’च्या ‘बूट’ या भागातील प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’ अशी चौकट असते. तिच्यात खूण केल्याने रॅम वाढत नाही, उलट तेथे लिहिलेल्या आकड्यापुरतीच ती वापरली जाते. कोणी तेथे खूण केलेली असल्यास ती काढावी. तेथे काही नसेल आणि विंडोज ३२-बिट असेल तर पत्त्यांची मर्यादा हेच कारण असते. ३२-बिटवरून ६४-बिटवर जाण्यासाठी विंडोज नव्याने बसवावे लागते. आहे त्यावर ते चढवता येत नाही, म्हणून आधी सर्व कामाच्या फायलींची प्रत काढणे अनिवार्य आहे. टॅलीप्राइम हा हिशेबाचा प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवरच चालतो, त्यामुळे जुन्या ३२-बिट संगणकावरून हिशेब हलवू पाहणाऱ्या पेढ्यांना हा टप्पा टाळता येत नाही.

जावावर चालणारे प्रोग्रॅम

टीडीएसचे विवरणपत्र तयार करण्याचे आरपीयू हे साधन जावा या आज्ञावली-भाषेवर चालते आणि त्यासाठी संगणकावर जावा बसवलेली असावी लागते. अशा प्रोग्रॅमांत ‘कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस फॉर ऑब्जेक्ट हीप’ ही सूचना येते. ‘हीप’ म्हणजे जावा सुरुवातीलाच सलग राखून ठेवू पाहते तो मेमरीचा पट्टा. ३२-बिट जावाला विंडोजवर साधारण दीड जीबीहून मोठा सलग पट्टा मिळत नाही. म्हणून १६ जीबी रॅम असलेल्या संगणकावरही ही सूचना येते. ६४-बिट विंडोज असल्यास ३२-बिट जावा काढून ६४-बिट जावा बसवणे हा येथला उपाय आहे. तिमाही विवरणपत्रांच्या अंतिम तारखा जवळ आल्यावर हे काम काढण्यापेक्षा दोन आठवडे आधी संगणक तपासून ठेवावा.

फाइलच अपुरी उतरलेली असल्यास

इंटरनेट मध्येच तुटल्याने अर्धवट उतरलेली फाइल उलगडताना आकारांची चुकीची माहिती वाचली जाते आणि मेमरीची सूचना येऊ शकते. संकेतस्थळावर दिलेला आकार आणि उतरलेल्या फाइलचा आकार आपण ताडून पाहावा; फरक असल्यास ती पुसून अधिकृत संकेतस्थळावरून पुन्हा घ्यावी.

पेन ड्राइव्हवर जागा असतानाही मोठी फाइल उतरत नसेल तर कारण वेगळे असते. फॅट३२ या जुन्या मांडणीत ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल ठेवता येत नाही, आणि विंडोजची प्रतिमा-फाइल याहून मोठी असते. पेन ड्राइव्हवरील मजकूर दुसरीकडे हलवून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस या मांडणीत फॉरमॅट करावा.

जुन्या प्रोग्रॅमचा चुकलेला हिशेब

काही जुने इन्स्टॉलर डिस्कवर शेकडो जीबी मोकळे असतानाही जागा नसल्याचे सांगतात. मोकळी जागा मोजण्यासाठी त्यांत ३२-बिट संख्या वापरलेली असते आणि अशा चिन्हासहित संख्येत २,१४,७४,८३,६४७ हाच सर्वांत मोठा आकडा मावतो. मोकळी जागा त्याहून, म्हणजे २ जीबीहून, अधिक झाली की हा हिशेब काही वेळा ऋण निघतो आणि प्रोग्रॅम तिला अपुरी ठरवतो. येथे फायली पुसणे हा उपाय नव्हे. एक ते दीड जीबीचा छोटा स्वतंत्र विभाग तयार करून त्यात प्रोग्रॅम बसवावा, किंवा प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्यावी. १६-बिट काळातील इन्स्टॉलर मात्र ६४-बिट विंडोजवर सहसा चालत नाहीत.

रॅम खरोखरच कमी असल्यास

वरील सर्व कारणे वगळल्यानंतरच रॅमच्या खरेदीचा विचार करावा. ऑटोकॅडच्या अलीकडच्या आवृत्त्यांना किमान ८ जीबी आणि रेव्हिट या आराखड्यांच्या प्रोग्रॅमला १६ जीबी रॅम लागते. अशा कामासाठी ४ जीबीचा लॅपटॉप कोणत्याही क्लृप्तीने पुरत नाही. खरेदीपूर्वी आपण पुढील बाबी ठरवाव्यात.

- पिढी : डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीची पट्टी दुसरीच्या जागी बसत नाही.
- आकार : लॅपटॉपची पट्टी आखूड व डेस्कटॉपची लांब असते.
- जागा : टास्क मॅनेजरमध्ये रिकामा खाचा दिसतो का ते पाहावे. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावर डाखून जोडलेली असते आणि ती वाढवता येत नाही.
- संगणकाचे उरलेले आयुष्य : विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण लागते, पण त्याबरोबरच टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि मान्यताप्राप्त प्रोसेसरही लागतो. या दोन अटी पूर्ण न करणाऱ्या संगणकात महागडी रॅम घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

खर्च शक्य नसेल तर कमी रॅमवर चालणारी लिनक्स प्रणाली आणि लिब्रेऑफिससारखे विनामूल्य प्रोग्रॅम हा प्रामाणिक पर्याय आहे. युनिकोड मराठीत लिहिण्याची सोय दोन्हींत आहे. विद्यार्थ्यांनी महाविद्यालयाच्या संगणक-कक्षाचा आणि कंपन्यांच्या विनामूल्य शैक्षणिक परवान्यांचाही लाभ घ्यावा.

उन्हाळा, धूळ आणि कूलरची ओल

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर चालतात. कूलरच्या हवेत ओल असते, आणि ती धुळीबरोबर रॅमच्या सोनेरी टोकांवर बसली की संपर्क सैल होऊ शकतो. अशा वेळी इन्स्टॉल करताना दर वेळी निराळ्या टप्प्यावर निराळी चूक दाखवली जाते किंवा निळा पडदा येतो; एकाच जागी एकच सूचना येणे हे प्रोग्रॅमच्या कारणाचे, तर जागा बदलत राहणे हे बहुधा यंत्राच्या दोषाचे लक्षण समजावे. विंडोजमधील ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही चाचणी रात्री लावून ठेवावी. चाचणीत दोष आढळल्यास संगणक बंद करून, वीजजोड काढून, पट्टी बाहेर काढावी, टोके मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसावीत आणि ती पुन्हा घट्ट बसवून चाचणी परत घ्यावी. हमीच्या मुदतीतला लॅपटॉप मात्र स्वतः उघडू नये. संगणक कूलरच्या झोतासमोर ठेवण्याचेही टाळावे.

हे कटाक्षाने टाळावे

- ‘रॅम वाढवून देतो’ असा दावा करणारे प्रोग्रॅम बसवू नयेत. प्रोग्रॅमने प्रत्यक्ष रॅम वाढत नाही.
- इन्स्टॉल होत नाही म्हणून चोरटी प्रत घेऊ नये. अशा प्रतींसोबत घातक प्रोग्रॅम येण्याचा धोका असतो. शिवाय स्वामित्वहक्क कायदा, १९५७च्या कलम ६३ब नुसार संगणक-प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणीवपूर्वक वापरणे हा गुन्हा असून त्याला किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे.
- पडद्यावर अचानक आलेल्या ‘मदत क्रमांका’वर फोन करून संगणकाचा ताबा अनोळखी व्यक्तीला देऊ नये. पैसे गेल्यास विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दुकानात जाताना, आणि ग्राहकाचे हक्क

संगणक दुरुस्तीला देण्यापूर्वी आपण फायलींची प्रत काढावी, रॅमची क्षमता व साठवणीचा आकार कागदावर लिहून त्यावर दुकानदाराची सही घ्यावी, आणि बदललेला सुटा भाग परत मागावा. नवी पट्टी बसवल्यावर तेथेच ‘अबाउट’ पानावरील आकडा पाहून घ्यावा आणि अडलेला प्रोग्रॅम त्यांच्यासमोरच बसवून पाहावा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या बाबतीत पुढील आधार देतो.

- बिल न देणे आणि जुनी वस्तू नवी म्हणून विकणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात.
- सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित प्रथा आहे.
- तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे, कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत करता येते. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडेही ती दाखल होते, म्हणून वस्तू ऑनलाइन मागवलेली असली तरी नागपूरकराला नागपुरात दाद मागता येते. दिलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही.
- व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेल्या वस्तूला हा अपवाद लागू होत नाही.
- प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अनेक तंटे तेथेच मिटू शकतात.

निर्णयाचा क्रम

आधी संकेतांक टिपावा, मग चार आकडे पाहावेत, त्यानंतर सी ड्राइव्हवर जागा करावी, पेजिंग फाइल विंडोजकडे सोपवावी, ३२-बिट आणि ६४-बिट यांचा मेळ तपासावा, फाइल पुन्हा उतरवून घ्यावी, रॅमची चाचणी घ्यावी, आणि एवढ्यानेही अडचण सुटली नाही तरच नव्या रॅमसाठी पैसे मोजावेत. हा क्रम उलटा करणाऱ्यांचा पैसा जातो आणि अडचण मात्र तशीच राहते. म्हणून वाचकांनी हा क्रम संगणकाजवळ लिहून ठेवावा आणि आपल्या पेढीवर, कार्यालयात किंवा वसतिगृहात पुढच्या वेळी ही सूचना ज्याच्या पडद्यावर येईल त्यालाही तो दाखवावा.